शेतीची देणी: चार गटांत नोंदवा, वेळेवर फेडा

माल विकल्यावर आधी मागेल त्याला पैसे दिले, तर पीक कर्ज थकते. म्हणून येत्या १२ महिन्यांत द्यायच्या रकमा वहीत चार गटांत लिहा.

१. पीक कर्ज: मुद्दल, व्याज, परतफेडीची शेवटची तारीख.
२. निविष्ठांची उधारी: बियाणे, खते, औषधे, बिल क्रमांकासह.
३. मजुरी व सेवा: मजूर, ट्रॅक्टर भाडे, वीजबिल.
४. मुदत कर्जाचा यंदाचा हप्ता: ठिबक, ट्रॅक्टर, विहीर. पुढील वर्षांचे हप्ते वेगळ्या पानावर ठेवा.

घरखर्चाची उसनवारी यात मिसळू नका.

मजुरी थकवू नका. त्यानंतर पीक कर्ज पाहा. ३ लाखांपर्यंतच्या पीक कर्जावर ७ टक्के व्याज असते. मुदतीत फेडल्यास केंद्राची ३ टक्के सवलत मिळते. तारीख चुकली की ती जाते.

उधारीचा वाढीव भाव हेही व्याजच. रोखीने १,२०० रुपयांची वस्तू चार महिन्यांच्या उधारीवर १,२६० रुपयांना पडली, तर वार्षिक दर १५ टक्के होतो. अशी महाग उधारी पुढच्या हंगामात आधी कमी करा.

रक्कम फेडताच पावती घ्या आणि त्याच ओळीत तारीख लिहा.