कोंबडीच्या खुराकाला कोणती अळी घालावी?



खोडवा मोडून रान नांगरायला घेतले की नांगरामागे कोण कोण येते, हे आपल्याला सांगायला नको. बगळे येतात, कावळे येतात, साळुंक्या येतात आणि वस्ती जवळ असली तर घरच्या कोंबड्याही येतात. तासात उघडी पडलेली पांढरी, वाकडी हुमणी कोंबडी अशी टिपते की मालकाने बघत राहावे. जिने आपल्या उसाची मुळे खाल्ली ती आपल्याच कोंबडीच्या पोटात जाते, याचे कोणाला बरे वाटणार नाही?

पण गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका वस्तीवर याच हुमणीपायी एका दिवसात नऊ कोंबड्या गेल्या. मोठ्या बांधणीला सरीत दाणेदार औषध टाकले होते. दोन दिवसांनी घरातल्या बाईंनी मरगळलेल्या अळ्या डबाभर वेचून आणल्या आणि मोठ्या हौसेने डालग्यापुढे ओतल्या. संध्याकाळपर्यंत खुराडे रिकामे. अळीतून विष गेले की अळीला चिकटलेल्या दाण्यातून, ते कळले नाही. अंड्यांच्या पैशावर त्यांच्या पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघत होता, तो बंद पडला एवढे खरे. म्हणूनच हा विषय या अंकात घेत आहोत.

आधी खुराकाचे पाहू. आपण कोंबडीला मका, बाजरी, गहू, उरलीसुरली भाकरी घालतो. या धान्यात प्रथिने शेकडा 8 ते 12. अंड्यावरच्या कोंबडीला खुराकात शेकडा 16 ते 18 लागतात, कारण एका अंड्यातूनच सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने बाहेर जातात. ती कुठून आणायची? गावठी कोंबडी हिंडून-उकरून किडे-मुंग्या खाऊन भागवते. पण गिरिराज, वनराज अशा जाती आणल्या आणि शेजाऱ्याच्या भाजीसाठी त्या कोंडून ठेवल्या, की अंडी कमी होतात, पिसे झडल्यावर लवकर येत नाहीत. शेंगदाणा पेंड घालावी तर बुरशी लागलेली पेंड कोंबडीचे लिव्हर बिघडवते. शिवाय लायसिन आणि मेथिओनिन ही दोन आवश्यक द्रव्ये तिच्यात कमी. ती किड्यात चांगली मिळतात. युरोपातल्या देशांनीही 2021 पासून कोंबडीच्या खाद्यात किड्यांची प्रथिने वापरायला परवानगी दिली. आपल्या आज्या वाळवीचे मडके पालथे घालत होत्या, ते काही अडाणीपणाचे नव्हते.

आता हुमणी. ज्या रानात त्या हंगामात कोणतेही कीटकनाशक पडलेले नाही, तिथलीच हुमणी घालावी. दुसऱ्याच्या रानातली, चौकशी केल्यावाचून, अजिबात नको. फोरेटचा वापर 2020 सालअखेर कायद्याने बंद झाला, तरी एखादी जुनी पुडी माळ्यावर निघते आणि "होती म्हणून टाकली" असे सांगणारे भेटतात. खोडकिडीसाठी आपण फिप्रोनिल टाकतो. ते तर कोंबडीच्या अंड्यात उतरते. 2017 साली युरोपात याच औषधाचा अंश सापडला म्हणून लाखो अंडी बाजारातून काढून नष्ट करावी लागली. तेव्हा कोंबडी मेली नाही म्हणजे सगळे ठीक, असे समजू नये. अंडे आपलीच पोरे खातात.

हुमणीचे भुंगेरे मात्र हमखास बिनधोक मिळू शकतात. वळवाचा पाऊस झाला की अंधार पडता पडता ते जमिनीतून निघून कडुलिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात. फांद्या हलवून खाली पाडायचे, हे आपण दरवर्षी करतोच. फक्त रॉकेलच्या पाण्यात टाकलेले भुंगेरे कोंबडीला चालत नाहीत. साध्या पाण्याची बादली घ्यावी, घरी आणून उकळते पाणी ओतावे, मग पाट्यावर जरा चेचून मोठ्या कोंबड्यांना द्यावे. पिल्लांना कठीण जातात. झाडावर फवारणी झाली असेल तर तेही सोडून द्यावेत. एक मादी पन्नासएक अंडी घालते, म्हणजे खुराकही होतो आणि पुढची हुमणीही कमी होते.

पण हे झाले चार दिवसांचे. वर्षभर पुरेल अशी अळी पाहिजे तर आमची पसंती ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळीला आहे. ही काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसणारी माशी आपल्या उकिरड्यावर असतेच. ती चावत नाही, आणि घरमाशीसारखी ताटावर घोंघावत नाही. तिची अळी चपटी, वळ्यावळ्यांची. वाळलेल्या अळीत प्रथिने शेकडा 40 च्या आसपास, आणि अंड्याच्या कवचाला लागणारा चुनाही भरपूर. मीलवर्म नावाची अळी विकत मिळते, तिच्यात प्रथिने जास्त, पण चुना फार कमी आणि तिला कोंडा विकत आणावा लागतो. ही आपली अळी भाजीची देठे, सडकी फळे, शिळी भाकरी यांवर वाढते.

आम्ही स्वतः एका प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये करून पाहिले. पहिल्या आठवड्यात आमटीचे पाणीही ओतले, सगळे आंबून असा वास सुटला की घरातल्या मंडळींनी क्रेट आणि आम्ही दोघांनाही बाहेर काढण्याची भाषा केली. मग पाचटाची बारीक कुट्टी मिसळली, ओल मुठीत दाबल्यावर थेंब पडणार नाही इतकी ठेवली, वास गेला. मुंग्यांसाठी क्रेटचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले. वर पुठ्ठ्याचे तुकडे ठेवले, माशी त्यांच्या फटीत अंडी घालते. ऊन चांगले असेल तर तीनएक आठवड्यांत अळ्या काळपट होऊन आपणहून बाहेर चढू लागतात. क्रेटला तिरपी फळी लावून खाली डबा ठेवला की गोळा करण्याचे कामही वाचते. थोड्या अळ्या सोडून द्याव्यात, पुढची माशी त्यांतूनच होते.

मेलेल्या जनावरावरच्या किंवा सडक्या मटणातल्या अळ्या मात्र चुकूनही नकोत. त्यांतून विषबाधा होऊन कोंबडीची मान लुळी पडते आणि ती दगावते. शेणावरच्या घरमाशीच्या अळ्यांतून पट्टकृमी होतात, त्याही टाळाव्यात.

किती घालावे? मोठ्या कोंबडीला रोज 20 ग्रॅम ओल्या अळ्या, म्हणजे लहान मूठभर. त्यातून अडीच-तीन ग्रॅम प्रथिने मिळतात. दिवसाची गरज 18 ग्रॅमची, तेव्हा धान्य-पेंड बंद करून चालणार नाही. अळीत चरबीही बरीच असते. लोभाने पाटीभर घातल्या तर कोंबडी माजते आणि अंडी घालायचीच थांबते.

आपल्या रानात कोणते औषध कधी पडले, हे गडीमाणसांच्या नाही तर घरातल्या बायकांच्या कानावर घालावे. डालग्यापुढे काय ओतायचे ते त्याच ठरवतात. आमच्या गटातल्या त्या बाईंनी आता पुन्हा सहा तलंगा घेतल्या आहेत, आणि औषधाची तारीख खुराड्याच्या दारावर खडूने लिहून ठेवतात.