रात्रीत वजन गेलं कुठं?

रात्री झोपताना वजनकाट्यावर उभे राहा. सकाळी उठल्या उठल्या, पाण्याचा घोटही न घेता, लघवीलाही न जाता पुन्हा उभे राहा. रात्री ३१.२ किलो असलेला मुलगा सकाळी ३१ किलोच्या खाली आलेला दिसेल. बिछान्यातून तर तो हललाही नव्हता!

हे कोडं सोडवायला आधी लोणीजवळच्या प्रवरानगरला जाऊ. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला तिथला सहकारी साखर कारखाना १९५० पासून प्रसिद्ध आहे. उसाचा ट्रॅक्टर आला, की ट्रॉलीसकट काट्यावर चढतो. गव्हाणीत ऊस रिकामा झाला, की रिकामं वाहन पुन्हा काट्यावर. दोन आकड्यांची वजाबाकी केली, की उसाचं वजन कळलं. तोडलेला ऊस लवकर कारखान्यात पोचवायची शेतकऱ्याला घाई असते, कारण उन्हात तो वाळतो आणि रोज थोडा थोडा हलका होतो.

तुमचं शरीरही तसंच, भरलेली ट्रॉली. फक्त ती पूर्ण रिकामी कधीच होत नाही. हाडं, स्नायू, रक्त यांच्यासोबत दुपारची भाकरी, संध्याकाळचं ताक, सगळंच काट्यावर चढतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो. म्हणजे अर्धा लिटर पाणी पिऊन लगेच काट्यावर चढलात, तर अर्धा किलो वाढलेले दिसाल. खारा चिवडा, पापड, लोणचं जास्त झालं, की शरीर जादा पाणी धरून ठेवतं. आकडा एखाददोन दिवस वर राहतो, मग उतरतो. मोठ्या माणसांचं वजनही दिवसभरात किलोभर सहज वरखाली होतं.

आणि रात्री? रात्री तुम्ही श्वास सोडत असता. आरशावर ‘हाऽ’ करून फुंकर मारा, धुकं जमेल. ती तुमच्या आतली वाफ. तिच्यासोबत कार्बन डायऑक्साइडही बाहेर जातो आणि त्यातला कार्बन आलेला असतो तुम्ही खाल्लेल्या भाकरीतून. खरंच, भाकरीचा एक हिस्सा नाकावाटे हवेत उडून जातो! शिवाय त्वचेतून न दिसणारा ओलावा जातो, तो वेगळाच.

इटलीतल्या सांतोरिओ नावाच्या वैद्याला याचा असा ध्यास लागला, की त्यानं तराजूला खुर्चीच टांगली. जवळजवळ तीस वर्षं तो स्वतःचं, अन्नाचं आणि मलमूत्राचंही वजन करत राहिला. त्याला आढळलं, की खाल्ल्याप्यायल्या आठ भागांपैकी पाच भाग गुपचूप उडून जातात. हे त्यानं १६१४ साली पुस्तकात छापलं. एवढा चिकाटीचा माणूस मला फार आवडतो.

कधी कधी मात्र फरक काट्यामुळेच पडतो. डिजिटल काट्याच्या चार पायांशी धातूच्या पट्ट्या असतात. वजनानं त्या अगदी किंचित वाकतात आणि तेवढ्यावरून आकडा ठरतो. काटा सतरंजीवर ठेवला, की पाय रुततात आणि आकडा चुकतो. शहाबादी फरशी उंचसखल असेल, तर एखादा पाय अधांतरी राहतो. म्हणून काटा सपाट, टणक जागी ठेवा, वेळही रोज तीच पाळा आणि एका आकड्यानं मुळीच घाबरू नका. अंगणवाडीतल्या ताई बाळांचं वजन तक्त्यावर महिन्या-महिन्यानं मांडतात आणि ठिपके जोडून रेघ वर चाललीय का ते बघतात. वाढत्या वयात तुमचीही रेघ वर जायलाच हवी.

आता शेवटची गंमत. अकोले तालुक्यातलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच, महाराष्ट्रात सर्वांत उंच. तिथं तुम्ही पृथ्वीच्या केंद्रापासून जरा लांब जाता, त्यामुळे पृथ्वीची ओढ किंचित कमी होते. तीस किलोच्या मुलाचं वजन तिथं अगदी अचूक डिजिटल काट्यावर मुंबईच्या किनाऱ्यापेक्षा दहा-पंधरा ग्रॅम कमी भरेल. पण दोन पारड्यांचा तराजू वर नेलात, तर त्याला काहीच फरक कळणार नाही, कारण एका पारड्यातला मुलगा जितका हलका होईल, तितकीच दुसऱ्या पारड्यातली वजनंही हलकी होतील.