विच्छेदन थांबले, निरीक्षण केव्हा सुरू होणार?

महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेची ओळख एके काळी प्रथम नाकाला होत असे. फॉर्मॅलिनचा उग्र दर्प, मेणाच्या थाळीत टाचण्यांनी ताणून बसविलेला बेडूक आणि जर्नलमध्ये त्याची आकृती उतरवून घेणारा विद्यार्थी हे चित्र अनेक पिढ्यांच्या परिचयाचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१४ मध्ये ते सर्वस्वी थांबविण्याची भूमिका घेतली.

हा निर्णय योग्यच होता. शंभरदा पाहिलेले तेच अवयव पुन्हा पाहण्यासाठी दरवर्षी प्राण्यांचे जीव घेण्याचे समर्थन होऊ शकत नाही. शिवाय पिकांवरील कीटक फस्त करणारा बेडूक हा शेतकऱ्याचा सोबती. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्ये थांबविली, त्यामागेही हा विचार होता.

परंतु थाळीतला बेडूक गेला, त्याच्या जागी काय आले? अनेक ठिकाणी आला तो केवळ तक्ता, प्रतिकृती किंवा संगणकाच्या पडद्यावरील चित्र. मृत प्राण्याची जागा त्याच्या प्रतिमेने घेतली. जिवंत प्राणी पूर्वीप्रमाणेच प्रयोगशाळेच्या बाहेर राहिला. बेडकाच्या हृदयाचे कप्पे बिनचूक सांगणाऱ्या पदवीधराला आवारातल्या डबक्यात ओरडणारा बेडूक कोणत्या जातीचा, हे सांगता येईलच असे नाही.

प्राण्याला धक्का न लावता किती शिकता येते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सालिम अली यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती. १९३०च्या सुमारास त्यांनी अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीचे चिकाटीने निरीक्षण केले. घरटे विणतो तो नर. अर्धवट झालेले घरटे मादीने पसंत केले की तो ते पुरे करतो आणि लगेच दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो, हे त्यांनी दाखवून दिले. मराठीने मादीला बहाल केलेले कौशल्य वस्तुतः नराचे निघाले. कोणत्याही विच्छेदनातून हे कळले नसते.

असे शिक्षण खर्चिक नाही. एक तळे, एक झाड किंवा शेताचा एक बांध, हाती वही व भिंग, आणि सबंध सत्रभर केलेल्या नोंदी एवढे पुरेसे आहे. अडचण पैशाची नसून परीक्षेची आहे. गुण आकृतीला आणि तोंडी उत्तराला मिळत असतील, तर वेळापत्रकात जखडलेला प्राध्यापक विद्यार्थ्यांना तळ्याकाठी नेणार तरी कसा? विद्यापीठांनी निरीक्षणवहीला प्रात्यक्षिकात भरीव गुण ठेवावेत, म्हणजे वेळापत्रकालाही वाट फुटेल.

ही निकड केवळ अध्यापनाची नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीनुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. आणि जगात अन्यत्र न आढळणारे कितीतरी बेडूक सह्याद्रीच्या ओढ्यांत राहतात. त्यांची दखल घेणारी जाणती माणसे प्राणिशास्त्राच्या वर्गांतूनच यावयाची आहेत. विच्छेदन थांबवून अर्धे काम झाले. विद्यार्थ्याला जिवंत प्राण्यासमोर उभे करण्याचे उरलेले काम विद्यापीठांनी आता अधिक लांबणीवर टाकू नये.