अंगणातली कण्हेर आणि अब्बांची गोळी

माझ्या अब्बांचे हृदय थकले आणि ठोके वेडेवाकडे पडू लागले, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना एक बारीकशी पांढरी गोळी सुरू केली. आठवड्यातून पाच दिवस घ्यायची, दोन दिवस बंद. अब्बा म्हणायचे, "या गोळीला आठवड्यात दोन सुट्ट्या, आणि मला नोकरीत जन्मभर एकच!" डॉक्टरसाहेब दर खेपेला आधी नाडी मोजत, मगच चिठ्ठी लिहीत. एकदा मी विचारले तर म्हणाले, "ही डिगॉक्सिनची गोळी. फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडातून मिळते."

कवितेचा नाद असलेल्या माणसाला एवढे पुरे झाले. हे झाड आपल्या अंगणात हवेच, असे मी ठरवले. पुण्याहून बी मागवले. बी कसले, तपकिरीची चिमूट! मातीने न झाकता नुसते वर भुरभुरायचे. ऑक्टोबरात पेरले, तंबाखूसारखी लवदार पाने आली, थंडीत रोपे बरी दिसली. शिमगा आला आणि सगळी माना टाकून मोकळी झाली. दोन वर्षे हा खेळ केला. विलायती बागांत या फुलाच्या काही जाती वर्षानुवर्षे टिकतात, पण त्यांना थंडगार हिवाळा आणि नरम उन्हाळा लागतो. आमच्या कारंज्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तिथे त्यांनी काय तग धरावा? या झाडाला आपल्याकडे तिलपुष्पी असेही नाव आहे. तिळाच्या शेतातले लोंबते फूल आठवा, घडण तीच.

एक दिवस डॉक्टरसाहेब अब्बांना पाहायला घरी आले. फाटकाजवळची कण्हेर बघून म्हणाले, "अहो, फॉक्सग्लोव्हचा भाऊबंद तर तुमच्या दारातच उभा आहे. कुळाने नव्हे, गुणाने."

तेव्हा कळले ते असे. फॉक्सग्लोव्ह, लाल-पांढरी कण्हेर आणि पिवळी कण्हेर म्हणजे आपली बिट्टी, या तिघांत एकाच जातीची द्रव्ये असतात. हृदयाच्या पेशीत सोडियम बाहेर फेकणारा एक पंप असतो. ही द्रव्ये त्याला लगाम घालतात. त्यामुळे पेशीत कॅल्शियम वाढते, आकुंचन जोरकस होते आणि ठोका संथ होतो. थोडे जास्त झाले की मात्र तेच हृदय ताल सोडते. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरला १७७५ च्या सुमारास एका म्हातारीच्या जडीबुटीत फॉक्सग्लोव्ह सापडले. किती द्यायचे आणि कुठे थांबायचे, हे रोग्यांवर पाहण्यात त्याची दहा वर्षे गेली, आणि १७८५ साली त्याने पुस्तक लिहिले. अब्बांच्या गोळीत औषध होते पाव मिलिग्रॅम. कण्हेरीच्या कोणत्या पानात किती आहे, हे कोण मोजणार? म्हणून पाला उकळून पिण्याचा घरगुती इलाज कुणी सांगितला तर त्याला हात जोडा.

हे सगळे ऐकूनही मी गाफील राहिलो. बकरी ईदला आठ दिवस होते, दारात बोकड बांधलेला होता. मी कण्हेर छाटली आणि फांद्या भिंतीशी टाकल्या. ओला पाला जनावर कडू म्हणून सोडून देते. वाळला की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. तिसऱ्या दिवशी बोकडाने दावे तोडले. संध्याकाळी त्याने चारा सोडला, रात्री हगवण लागली, पहाटे गेला. मांस कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून खोल खड्डा करून पुरला. नातवंडे दिवसभर माझ्याशी बोलली नाहीत.

तरी मी झाड तोडले नाही. आमच्या काळ्या मातीत आणि या उन्हात इतक्या कमी पाण्यावर वर्षभर फुलणारे दुसरे झाड मला तरी माहीत नाही. महामार्गांच्या दुभाजकांवर ती लावतात, ती उगाच नव्हे. पावसाळ्याच्या तोंडावर पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी लावा, धरते. पाणी साचू देऊ नका, एवढेच तिचे मागणे. बहर ओसरला की छाटा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात धुवा. पालापाचोळा जाळू नका, धूरही विषारी असतो. काडी दातवणाला किंवा कबाबाच्या सळईला वापरू नका.

बिट्टीची गोष्ट जास्त काळजीची. तिच्या टणक बियांनी आम्ही लहानपणी खेळलो आहोत, आणि विष सर्वांत जास्त त्या बीतच. घरात रांगते मूल असेल तर ती लावूच नका. कुणी पान, फूल, बी चावले तर मीठपाणी पाजत बसू नका. झाडाची डहाळी सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. उलटी, पोटदुखी, मंद नाडी दिसण्याची वाट पाहू नका.

केरळात एका तरुणीच्या मृत्यूनंतर कण्हेरीवर संशय आला, आणि मे २०२४ मध्ये त्रावणकोर देवस्वम मंडळाने नैवेद्य-प्रसादातून हे फूल वगळले. तिकडे तिला अरळी म्हणतात. ती बातमी मी शेजारच्या वहिनींना वाचून दाखवली. त्या रोज महादेवाला आमच्याकडची फुले नेतात. आता फुलांची परडी वेगळी आणि प्रसादाचे ताट वेगळे असते. सकाळी फाटकावरूनच सांगतात, "भाऊ, फुलं नेली हो. हात धुते घरी जाऊन."