दादरला मुक्काम, परळला उपचार

दादर स्टेशनच्या पूर्वेला उतरून दादासाहेब फाळके रस्त्याने हिंदू कॉलनीच्या अंगाने चालू लागलं, की गर्दीतही काही माणसं वेगळी ओळखू येतात. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेली जाड फाईल, तिच्यातून डोकावणारं सीटी स्कॅनचं पाकीट, तोंडावर मास्क, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. सोबतच्या माणसाच्या खांद्याला पाण्याची बाटली आणि डब्याची पिशवी. "कुठं निघालात?" असं विचारलं, तर उत्तर बहुधा दोनांपैकी एक असतं: सकाळी "टाटाला" आणि संध्याकाळी "धर्मशाळेत".

ही धर्मशाळा संत गाडगे महाराजांच्या नावाची. टाटा रुग्णालय परळला, धर्मशाळा दादरला. या दोन टोकांमधला रस्ता देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबं महिनोन्‌महिने रोज तुडवतात.

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढे त्यांचे पती सर दोराबजी यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभं राहिलं. १९५७ साली केंद्राच्या आरोग्य खात्याने ते ताब्यात घेतलं आणि १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. आसपास केईएम, वाडिया, हाफकिन. या सगळ्यांच्या मधोमध जुन्या गिरणगावातल्या चाळी आणि त्यांच्या डोक्यावर आता उभे राहिलेले टॉवर. मुंबईत जन्म काढलेल्यालाही इथं भाड्याची खोली परवडत नाही. मग बुलढाण्याहून किंवा बिहारहून आलेल्या शेतमजुराला ती कुठून परवडणार?

तरी त्याला ती लागते, आणि का लागते हे त्याला इथं आल्यावरच कळतं. गावाहून निघताना हिशोब सरळ असतो: दवाखान्यात भरती करून घेतील, सोबतीचा माणूस व्हरांड्यात पथारी टाकेल, पंधरा दिवसांत परत. म्हणून दोन जोड कपडे आणि एक वळकटी. इथं तपासण्या होतात आणि डॉक्टर सांगतात, भरती व्हायची गरज नाही, रोज येऊन जा.

कर्करोगावरचे बरेचसे उपचार आता असेच, खाटेवर न झोपवता होतात. किरणोपचार, म्हणजे पेशंटांच्या बोलीत 'लाइट', आठवड्यातून पाच दिवस आणि पुष्कळदा पाच ते सात आठवडे चालतो. यंत्राखाली जायचं ते काही मिनिटांसाठी. किमो अनेकदा एका दिवसात देऊन घरी सोडतात. पुढचा डोस बहुधा एकवीस दिवसांनी, मधे रक्ताच्या तपासण्या. काही मिनिटांच्या कामासाठी जळगावहून रोज ये-जा होत नाही. म्हणजे बिऱ्हाड इथंच थाटावं लागतं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारख्या योजनांतून उपचाराचा खर्च निघू शकतो, बाहेरच्या बिऱ्हाडाचा निघत नाही. उपचार अर्धवट सोडून गावी परतणाऱ्यांना कधी औषध नडतं, तर कधी रात्रीचा निवारा.

ज्याला तोही मिळत नाही, तो रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर राहतो. भिंतीला दोरी, दोरीवर निळं प्लास्टिक, खाली चटई. पावसाळ्यात त्या चटईखालून पाणी वाहतं.

गाडगेबाबांना हे दृश्य नवं नव्हतं. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर पुढे हातात खराटा आणि डोक्यावर गाडग्याचं खापर घेऊन महाराष्ट्रभर फिरले. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं त्यांनी धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेच्या स्वाधीन केली. यात्रेकरूसाठी धर्मशाळा ही आपल्याकडची जुनी रीत. बाबांनी ती यात्रेच्या गावातून दवाखान्याच्या दारात आणली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाच्या आवारातली धर्मशाळा त्यांच्याच प्रेरणेची. खेड्यातून आलेल्या रोग्याचा बाप, बायको, भाऊ रात्री कुठं पाठ टेकतात, हा प्रश्न तेव्हा फारच थोड्यांना पडत होता.

२० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. दादरची धर्मशाळा त्यांच्या पश्चात त्यांच्या नावाने उभी राहिली. त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा आणि रोग्यांना औषधोपचार ही दोन कलमं वेगवेगळी मांडलेली आहेत. दादर-परळच्या पट्ट्यात ती एक होतात. इथं आसरा तुटला, तर औषधोपचारही तुटतो.

या पट्ट्यातल्या मुक्कामांची खरी किंमत कळते ती स्वयंपाक चालतो त्या जागी. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचे रुग्ण इथं पुष्कळ. तंबाखू, गुटखा आणि मशेरीने दिलेली ही देणगी. शस्त्रक्रियेनंतर किंवा लाइट चालू असताना अनेकांना गिळता येत नाही. मग नाकातून पोटात नळी घालतात आणि अन्न त्या नळीतून द्यावं लागतं. वरण-भात मऊ शिजवायचा, मिक्सरमधून अगदी पातळ काढायचा, गाळणीतून गाळायचा, कारण एक शीत अडकलं तरी नळी तुंबते. मग पन्नास मिलीच्या सिरिंजमध्ये भरून, हात वर धरून, हळूहळू सोडायचा. शेवटी कोमट पाण्याने नळी धुवायची. दोन-तीन तासांनी पुन्हा तेच. शेतात खुरपं चालवणारी बाई आठवड्याभरात या कामात नर्ससारखी तयार होते.

लॉजच्या खोलीत पलंग मिळेल, पंखा मिळेल, पण गाळलेलं वरण मिळणार नाही. म्हणून अशा मुक्कामाची पारख पलंगावरून करू नये, चुलीवरून करावी.

दुसरी पारख स्वच्छतेची. किमोनंतर काही दिवसांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात. "काउंट पडलाय" हे वाक्य इथं सगळ्या भाषांत ऐकू येतं. त्या दिवसांत साधा जंतूही जिवावर बेततो. पाणी उकळून प्यायचं, कच्ची कोशिंबीर बंद, फळ खायचं तर साल काढून. ताप १००.४ अंशांवर गेला, तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठायचं. त्यामुळे उशाशी देवाच्या तसबिरीशेजारी थर्मामीटर ठेवलेला असतो. बाबांनी आयुष्यभर खराटा चालवला तो गावाच्या आरोग्यासाठी. त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत झाडू-पोछा हा थेट उपचाराचाच भाग आहे.

अंतर ही तिसरी पारख. नकाशावर दादर ते परळ जवळ. पण मधे हिंदमाता आहे, आणि हिंदमाता म्हणजे काय हे मुंबईकराला सांगायला नको. जुलैच्या एखाद्या सकाळी तिथं गुडघाभर पाणी साचलं, की काउंट पडलेला पेशंट त्यातून चालणार कसा, या विचाराने सोबतीच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. लाइटचा खंड पडू द्यायचा नसतो. रुग्णालयापासून चार पावलांवरच्या जागेची किंमत अशा दिवशी कळते.

दादरची धर्मशाळा या कामात एकटी नाही. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. डॉ. हेडगेवारांचे चरित्रकार, संघाचे प्रचारक ना. ह. पालकर यांच्या स्मरणार्थ १९६८ साली समिती स्थापन झाली. बांद्र्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांच्या नावाचं निवासस्थान आहे. बोर्जेस हे मूळचे गोमंतकीय, टाटाचे नामांकित शल्यविशारद. रुग्णालयासमोरच्या रस्त्यालाही त्यांचंच नाव आहे. कर्करोग झालेल्या लहान मुलांसाठी 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स'ने २००६ पासून काम उभं केलं. तिथं प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खण असतो आणि स्वयंपाकघर सामायिक. मूल आणि आईबाप एकत्र राहतात, शिधा संस्था देते. वाशीच्या भारत सेवाश्रम संघातही टाटाचे पेशंट उतरतात. खारघरला टाटाचंच दुसरं केंद्र आहे, तिथल्या रुग्णांना नवी मुंबईतला मुक्काम सोयीचा पडतो.

एवढं असूनही जागा अपुरी पडते, आणि नवी जागा करायची म्हटलं की शेजार आडवा येतो. मे २०२१ मध्ये म्हाडाने टाटा रुग्णालयाला रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १०० सदनिका दिल्या, करी रोडजवळच्या हाजी कासम चाळीच्या पुनर्विकसित इमारतींमध्ये. रहिवाशांनी हरकत घेतली आणि जूनमध्ये तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. पुढे बॉम्बे डाईंगच्या जागेवरच्या म्हाडाच्या इमारतीत तेवढ्याच सदनिका द्यायचं ठरलं. रहिवाशांच्या अडचणी सगळ्याच खोट्या होत्या असं म्हणता येणार नाही. पण कर्करोग स्पर्शाने होत नाही, एका जिन्यातून चढल्याने होत नाही, हे अजूनही समजावून सांगावं लागतं. किमो घेतलेल्या माणसाला आपल्यापासून धोका असतो, आपल्याला त्याच्यापासून नव्हे.

धर्मशाळेतल्या माणसांना हे समजावावं लागत नाही. शेजारच्या खाटेवरच्याचं केस गळणं आपल्याआधी तीन आठवडे झालेलं असतं. त्याचे केस परत येताना दिसतात, हा दिलासा कुठल्याच माहितीपत्रकात छापून मिळत नाही. कुठल्या खिडकीवर कुठली चिठ्ठी लागते, पेट स्कॅनला उपाशी किती वेळ राहायचं, अंगावर लाइटसाठी काढलेल्या शाईच्या रेघा आंघोळीत पुसू नयेत म्हणून काय करायचं, हे सगळं ज्ञान जुन्या पेशंटकडून नव्याकडे जातं. विदर्भातली मावशी आणि बंगालमधली काकी यांची भाषा एक नसते. सिरिंज कशी धरायची हे दाखवायला भाषा लागत नाही.

इथला निरोपही वेगळा. कोणी गावी जायला निघालं, की "परत भेटू" म्हणायचं सगळे टाळतात. उरलेलं तेल, अर्धी पिशवी तांदूळ, प्लास्टिकची बादली मागे ठेवून कुटुंब स्टेशन गाठतं. काही खाटा मात्र न सांगता रिकाम्या होतात, आणि त्या दिवशी स्वयंपाकघरात फारसं कोणी बोलत नाही. दुसऱ्या दिवशी त्या खाटेवर नवी फाईल येते.

वाचकांपैकी कोणाच्या घरी हा प्रसंग आला, तर चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, निघण्याआधी मुक्काम दोन दिवसांचा नसून दोन महिन्यांचा असू शकतो, असं धरूनच निघावं. दोन, पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात जाऊन जागेची चौकशी करावी. रुग्णालयाची फाईल आणि चिठ्ठी हाताशी असल्याशिवाय अशा संस्थांत सहसा प्रवेश मिळत नाही. तीन, रेल्वे सवलतीचं प्रमाणपत्र रुग्णालयातून भरून घ्यावं: स्लीपर आणि थर्ड एसीत कर्करुग्णाला पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के. चार, दलालाला पैसे देऊ नयेत.

आणि ज्यांच्या घरी सुदैवाने हा प्रसंग आलेला नाही, त्यांनी वाढदिवसाची मिठाई घेऊन धर्मशाळेत जाऊ नये. इथल्या पुष्कळांना ती गिळता येत नाही. आधी फोन करावा, काय लागतं ते विचारावं आणि तेवढंच न्यावं. तांदूळ सांगितले तर तांदूळ, मिक्सर सांगितला तर मिक्सर.