पेट्रोलच्या टाकीत गंज आला कोठून?

लोखंड गंजण्यासाठी पाणी आणि हवेतील ऑक्सिजन या दोन्ही गोष्टी लागतात, हे तुम्ही शिकला आहात. मग मोटारसायकलची टाकी आतून का गंजावी? तिच्यात तर पेट्रोल असते, आणि लोखंड गंजू नये म्हणून आपण त्याला तेलच लावतो! तरीही म्हैसूरच्या कारखान्यात १९९६ पर्यंत तयार होणारी येझदी किंवा तशीच एखादी जुनी गाडी बरेच दिवस पडून राहिली असेल, तर तिच्या टाकीत डोकावून पाहा. आत तांबूस पापुद्रे दिसतील.

याचे कारण असे, की टाकी काठोकाठ भरलेली क्वचितच असते. पेट्रोलच्या वर हवा असते. पेट्रोल संपेल तशी बाहेरची हवा आत यावी, म्हणून झाकणात बारीक छिद्र ठेवलेले असते. दिवसा टाकी तापली की आतली हवा प्रसरण पावते व थोडी बाहेर जाते. रात्री ती आकुंचन पावते आणि बाहेरची दमट हवा आत येते. जणू टाकी श्वासोच्छ्वास करते! थंड पत्र्यावर या हवेतले बाष्प दवासारखे जमते. एका रात्रीत जमणारे पाणी थेंबभरही नसते. पण कोकणच्या पावसाळ्यात गाडी चार महिने उभी राहिली आणि झाकणाचे रबरही झिजलेले असले, तर पाणी साठत जाते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. कॉकची नळी तळापासून किंचित वर असल्यामुळे ते सहसा बाहेरही पडत नाही.

त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. भारतात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ साली गाठले गेले. इथेनॉल पाणी शोषून घेते. पाण्याचे प्रमाण फार वाढले, तर पाणी आणि इथेनॉल यांचा वेगळा थर तळाशी जमतो.

अॅल्युमिनियमवरही ऑक्साइड जमते, पण ते धातूला घट्ट चिकटून त्याचे रक्षण करते. गंजाचे तसे नाही. ज्या लोखंडापासून तो बनतो, त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो. त्यामुळे तो फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे लोखंड पुन्हा उघडे पडते. हे कण कार्ब्युरेटरमध्ये गेले, की तेथील बारीक छिद्रे बुजतात आणि चालती गाडी बंद पडते.

गंज काढण्याच्या तीन रीती आहेत. पहिली घर्षणाची. टाकीत नट किंवा बारीक खडी घालून ती हलवतात. सुटे पापुद्रे निघतात, पण कोपऱ्यांतला गंज तसाच राहतो. दुसरी आम्लाची. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, पाण्यात विरघळवून टाकीत भरतात. ते गंजाला विरघळवते. तिसरी विजेची. टाकीत धुण्याच्या सोड्याचे द्रावण भरतात, मधोमध टाकीला न टेकणारी लोखंडी कांब सोडतात, बॅटरीचे ऋण टोक टाकीला व धन टोक कांबेला जोडतात. टाकीच्या पत्र्यावर हायड्रोजनचे बुडबुडे निघतात व गंज सुटा होतो.

पण गंज निघाला म्हणजे गेलेले लोखंड परत आले, असे मात्र नाही. थोडा हिशेब करा. गंजातले पाणी बाजूला ठेवले, तर फेरिक ऑक्साइडच्या १६० भागांत ११२ भाग लोखंड असते. म्हणजे १०० ग्रॅम गंज काढला, तर ७० ग्रॅम पत्रा आधीच नाहीसा झालेला असतो! म्हणून फार गंजलेली टाकी साफ केल्यावर गळू लागते. तिला भोके पूर्वीच पडलेली असतात. गंजाने ती बुजवून ठेवली होती, इतकेच. शिवाय नुकताच उघडा पडलेला ओला पत्रा काही तासांतच पुन्हा लालसर होतो. म्हणून आम्ल खाण्याच्या सोड्याने उदासीन करून, टाकी धुऊन, ताबडतोब वाळवून आत तेलाचा हात फिरवावा लागतो.

आता एक कळकळीची सूचना. हे काम तुम्ही करू नका. ते जाणत्या मेकॅनिकचे आहे. पेट्रोल ओतून टाकले म्हणजे टाकी निर्धोक झाली, असे समजू नका. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे दीड ते साडेसात टक्के असली, की एका ठिणगीने स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ सहसा याहून दाट असते. रिकामी टाकी मात्र हवा खेळू लागली की नेमकी या टप्प्यातून जाते. म्हणून तिच्यात काडी पेटवून डोकावणे किंवा ती तशीच वेल्डिंगला देणे जिवावर बेतते. विजेच्या रीतीत निघणारा हायड्रोजनही ज्वलनशील असतो.

तुम्ही घरी हे करून पाहा. कपभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व विरघळवा व त्यात दोन गंजलेले खिळे रात्रभर ठेवा. सकाळी ते सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा. एक कोरडा पुसून त्याला खोबरेल तेल लावा, दुसरा ओलाच राहू द्या. दोन्ही खिळे ओल्या फडक्यावर ठेवा आणि दर दोन तासांनी पाहून नोंद करा. कोणता खिळा आधी लाल होतो? गंज काढण्याइतकेच तो पुन्हा येऊ न देणे का महत्त्वाचे आहे, ते तुमची वहीच तुम्हाला सांगेल.