ऐवजी की जोडीला?

गरीब-श्रीमंत असा भेद न करता, कामाची अट न घालता, प्रत्येक नागरिकाला सरकारने ठरावीक रक्कम नियमित रोख द्यायची, ही सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाची कल्पना. भारतात तिची सविस्तर सरकारी मांडणी झाली ती 2016-17 च्या आर्थिक पाहणी अहवालात. अरविंद सुब्रमण्यन तेव्हा केंद्राचे मुख्य आर्थिक सल्लागार होते. माणशी वर्षाला 7,620 रुपये द्यायचे आणि लोकसंख्येचा सुखवस्तू चौथा हिस्सा वगळायचा, असे धरले तरी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या 4.9 टक्के येत होता. ही रक्कम केंद्राच्या साडेनऊशेच्या आसपास योजनांच्या जोडीला नव्हे, तर त्यांतल्या बऱ्याच योजनांच्या जागी यावी, असा अहवालाचा रोख होता. खरा वाद तिथेच आहे. ‘सेवा’ संघटनेने त्याआधी 2011-12 मध्ये मध्य प्रदेशातल्या काही गावांत असा प्रयोग केला होता. तिथे मात्र रोख रक्कम रेशनच्या वर मिळत होती. रेशन कोणी काढून घेतले नव्हते.

महाराष्ट्रात या कल्पनेच्या सर्वांत जवळ जाणारी योजना म्हणजे 2024 च्या जूनमध्ये अर्थसंकल्पात जाहीर झालेली ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’. 21 ते 65 वयाच्या महिलेच्या खात्यात दरमहा 1,500 रुपये थेट जमा होतात आणि ते कसे खर्च करायचे हे तिचे तीच ठरवते. एवढ्यापुरते साम्य. बाकी योजना अटींवरच उभी आहे: कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, घरात आयकर भरणारा नको, सरकारी नोकर नको, ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको.

त्यात पुन्हा वजाबाकी आहे. केंद्राची पीएम-किसान आणि राज्याची नमो शेतकरी योजना मिळून जिला वर्षाला 12,000 रुपये, म्हणजे महिन्याला 1,000 मिळतात, तिला लाडक्या बहिणीचे 500च मिळतात. संजय गांधी निराधार योजनेत 1,500 मिळत असतील तर काहीच नाही. निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षानुवर्षे 21,000 रुपये राहिली, लाडक्या बहिणीची अडीच लाख. म्हणजे तहसील कचेरीत खेटे घालून निराधार असल्याचे सिद्ध केलेल्या विधवेला आणि बऱ्यापैकी चालत्या संसारातल्या गृहिणीला सारखीच रक्कम मिळते. जुन्या योजनेने ज्यांना अधिक गरजू ठरवले होते, त्यांचे ते अधिकपण नव्या योजनेने पुसून टाकले.

चाळणीचाही खर्च असतोच. सुरुवातीला अंगणवाडी सेविकांनी अर्जामागे 50 रुपयांवर अर्ज भरून घेतले. पुढे पडताळणीत 26 लाखांहून अधिक नावे अपात्र धरून जुलै 2025 मध्ये त्यांचा लाभ थांबवल्याचे सरकारने जाहीर केले. काही ठिकाणी तर पुरुषांनीच अर्ज केले होते. मग ई-केवायसी आली आणि पती किंवा वडिलांचे आधार मागू लागली. ज्यांना दोघेही नाहीत, त्यांना मृत्यूचा दाखला शोधावा लागला. सार्वत्रिक योजनेच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच: सगळ्यांनाच द्यायचे तर अशी छाननीच लागत नाही.

‘ऐवजी’ दिलेल्या रोखीचाही अनुभव राज्याच्या गाठीशी आहे. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांतल्या केशरी शिधापत्रिकाधारक शेतकरी कुटुंबांना स्वस्त गहू-तांदूळ मिळे: माणशी पाच किलो, गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो. 2023 पासून धान्याच्या जागी माणशी दरमहा 150 रुपये सुरू झाले. पुढच्या वर्षी त्याचे 170 झाले. पाच किलोंनी भागले तर किलोला 34 रुपये. दुकानात भाव चढला की ते पाच किलो साडेचार होतात. धान्य महागाईला बधत नाही; रक्कम मात्र शासननिर्णय निघेपर्यंत तिथेच राहते.

शिवाय पैशाने विकत घ्यायला ती गोष्ट आधी असावी लागते. पुण्यातले कर्वेनगर ज्यांच्या नावाने ओळखले जाते, त्या धोंडो केशव कर्व्यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि 1900 मध्ये तो इथे, तेव्हाच्या हिंगण्यात आणला. त्या काळच्या बालविधवेच्या हातावर कोणी दरमहा रक्कम ठेवली असती, तरी ती घेऊन शिकायला जायचे कुठे? आज त्याच कर्वेनगरात धुणीभांडी करणाऱ्या बाईला 1,500 रुपयांतून किराणा किंवा मुलांच्या वह्या घेता येतात. महापालिकेचा दवाखाना किंवा पाळणाघर त्यातून उभे राहत नाही.

उरतो पैशाचा प्रश्न. 2011 च्या जनगणनेनुसार राज्याची लोकसंख्या 11.24 कोटी. प्रत्येकाला महिना 1,500 द्यायचे तर वर्षाला दोन लाख कोटी रुपये लागतील, आणि 2025-26 चा राज्याचा सगळा अर्थसंकल्प सुमारे सात लाख कोटींचा होता. नुसत्या लाडक्या बहिणीसाठी त्यात 36,000 कोटींची तरतूद होती. इतर खात्यांचा निधी तिकडे वळतो, ही कुरबूर मंत्र्यांकडूनही ऐकू आली.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमी योजनेच्या वेळी महाराष्ट्राने पैशाची वेगळी सोय केली होती. 1975 च्या कायद्याने व्यवसाय कर आला तो त्याच कारणासाठी: शहरातल्या कमावत्यांनी गावातल्या बेकारांच्या मजुरीचा भार उचलायचा. कर्वेनगरातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकावर आजही त्यापोटी दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापलेले दिसतात. लाडक्या बहिणीसाठी असा वेगळा कर लावलेला नाही.